वगळलेले पुस्तक आणि विद्यार्थी वाचक : ‘सच अ लाँग जर्नी’ प्रकरणाची चिकित्सा

गोषवारा

मुंबई विद्यापीठाने २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून वगळली. कादंबरीविरुद्धची तक्रार एका विद्यार्थ्याने केली होती आणि ती वगळण्याचा निषेध करणाऱ्यांतही विद्यार्थी होते. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा विचार तीन अंगांनी केला आहे : आक्षेपार्ह ठरलेल्या मजकुराचे कादंबरीतील स्थान, कायदेशीर बंदी आणि अभ्यासक्रमातून वगळणे यांतील फरक, आणि ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या वाचनावर होणारा परिणाम. ग्रामीण महाविद्यालयात अभ्यासक्रमातून पुस्तक जाणे म्हणजे ते वाचकाच्या जगातूनच जाणे होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अभ्यासक्रम, ग्रंथबंदी, विद्यार्थी वाचक, पात्र आणि लेखक, ग्रामीण महाविद्यालय, खानदेश.

१. प्रस्तावना

पुस्तकावरील बंदीची चर्चा आपल्याकडे बहुधा लेखक आणि शासन या दोन टोकांमध्ये होते. लेखकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य एका बाजूला आणि समाजाच्या भावना दुसऱ्या बाजूला, अशी तिची ठरलेली मांडणी असते. पुस्तक अभ्यासक्रमातले असेल तर मात्र या मांडणीत एक जागा रिकामी राहते. ती विद्यार्थ्याची. ज्याच्यासाठी पुस्तक लावले, ज्याने ते विकत घेतले किंवा ग्रंथालयातून आणले, ज्याला त्यावर परीक्षेत उत्तर लिहायचे आहे, त्याला काय वाटते हे कोणी विचारत नाही. त्याच्या नावाने मात्र सर्वच बोलतात. पुस्तक काढावे म्हणणारे त्याच्या कोवळ्या मनाची काळजी वाहतात आणि ठेवावे म्हणणारे त्याच्या बौद्धिक विकासाची.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०१० मधील ‘सच अ लाँग जर्नी’ प्रकरण होय. घटना मुंबईची, कादंबरी इंग्रजीतील आणि तीतील कुटुंब पारशी. तिचा धुळे-जळगावकडील महाविद्यालयांशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध निकटचा आहे, हे दाखवणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

२. प्रकरणाची रूपरेषा

रोहिंटन मिस्त्री यांचा जन्म १९५२ साली मुंबईत झाला. सेंट झेविअर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन १९७५ साली ते कॅनडात गेले. ‘सच अ लाँग जर्नी’ ही त्यांची पहिली कादंबरी १९९१ साली प्रकाशित झाली. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचा समावेश होता आणि कॅनडातील गव्हर्नर जनरल पुरस्कार तिला मिळाला. १९९८ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी साहित्याच्या पदवी अभ्यासक्रमात ती काही वर्षे शिकवली जात होती.

सप्टेंबर २०१० मध्ये भारतीय विद्यार्थी सेनेच्या कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी कादंबरीच्या प्रती जाळल्या. शिवसेनेविषयी आणि मराठी माणसांविषयी तीत अपमानकारक मजकूर आहे, असा आक्षेप होता. कुलगुरूंकडे तक्रार करणारे आदित्य ठाकरे हे त्या वेळी सेंट झेविअर्स महाविद्यालयाचेच विद्यार्थी होते. कुलगुरू राजन वेळूकर यांनी महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ मधील कलम १४(७) नुसार मिळणारे तातडीचे अधिकार वापरून कादंबरी अभ्यासक्रमातून काढून टाकली. १७ ऑक्टोबर २०१० रोजी, दसरा मेळाव्यात, युवा सेनेची स्थापना होऊन तिचे नेतृत्व आदित्य ठाकरे यांच्याकडे देण्यात आले.

या निर्णयाचा विद्यार्थी, प्राध्यापक आणि लेखक यांनी निषेध केला. सेंट झेविअर्सचे तत्कालीन प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी आपली नापसंती जाहीरपणे नोंदवली. मिस्त्री यांनीही ऑक्टोबरमध्ये पत्रक काढून विद्यापीठाच्या भूमिकेवर टीका केली. कादंबरी मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिली.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. कादंबरीचा लेखक, तिच्यावर आक्षेप घेणारा विद्यार्थी आणि ती काढण्यास विरोध करणारा प्राचार्य हे तिघेही एकाच महाविद्यालयाचे. म्हणजे वादाचे सर्व पक्ष एका वर्गात बसून बोलू शकतील इतके जवळ होते. पुस्तकावर मतभेद व्हावा यासाठीच तर साहित्याचा वर्ग असतो. तो मतभेद वर्गातून प्रवेशद्वारावर आणि तेथून कुलगुरूंच्या दालनात गेला. त्यामुळे पुस्तकाइतकीच त्या वर्गाचीही हानी झाली.

३. पात्राचे बोलणे आणि लेखकाचे मत

कादंबरीचा काळ १९७१ च्या आसपासचा आहे. बँकेत नोकरी करणारा गुस्ताद नोबल, त्याची पत्नी दिलनवाझ, सोहराब, दारियस आणि रोशन ही मुले, आणि खोदादाद बिल्डिंगमधील शेजारी यांची ही कथा. मोठा मुलगा सोहराब आयआयटीत मिळालेला प्रवेश नाकारून बापाशी वैर घेतो. जुना मित्र मेजर बिलिमोरिया गुप्तहेर खात्याच्या कामासाठी म्हणून गुस्तादला गुपचूप बँकेत पैसे भरायला लावतो. या उपकथानकामागे १९७१ चे नगरवाला प्रकरण आहे, हे जाणकारांनी पूर्वीच नोंदवले आहे. दिल्लीच्या स्टेट बँकेतून पंतप्रधानांच्या नावाने आलेल्या दूरध्वनीवर साठ लाख रुपये काढले गेले, ते हे प्रकरण. म्हणजेच कादंबरीतील टीकेचा मोठा रोख दिल्लीतील तत्कालीन सत्तेवर आहे. शिवसेनेविषयीचे उल्लेख त्या मानाने थोडे आहेत आणि ते पात्रांच्या संभाषणात येतात.

असे बोलणाऱ्या पात्रांत दिनशावजी प्रमुख आहे. गुस्तादचा बँकेतील हा सहकारी सतत थट्टामस्करी करणारा, थोडा आचरट, आणि आतून दुर्धर आजाराने पोखरलेला आहे. मुंबईतील रस्त्यांची जुनी नावे बदलली जातात याचा त्याला संताप येतो. ज्या नावांच्या आधाराने आपण आयुष्य काढले ती नावेच गेली, तर जगलेले आयुष्य तरी खरे कसे मानावे, अशी त्याची व्यथा आहे. त्या संतापात तो मराठी माणसांविषयी आणि शिवसेनेविषयी वावगे बोलतो. ते बोलणे अन्यायकारक आहे, हे मान्य करण्यास कोणत्याही मराठी वाचकाला संकोच वाटू नये. परंतु कादंबरी ते बोलणे वाचकासमोर सत्य म्हणून ठेवते काय, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर नकारार्थी आहे. दिनशावजी पूर्वग्रहांनी भरलेला आहे हे कादंबरी लपवत नाही. त्याचे विनोद अनेकदा दुसऱ्याला बोचणारे आहेत. बँकेतील एका तरुण सहकारी स्त्रीला त्यांचा त्रास होतो आणि गुस्तादला त्याला आवरावे लागते. लेखक त्याच्याविषयी करुणा बाळगतो, पण त्याच्या प्रत्येक वाक्याचे वकीलपत्र घेत नाही. लहान होत चाललेल्या, शहरातील आपली जागा सुटत चालल्याची जाणीव झालेल्या एका समाजातील माणूस भीतीपोटी कसा बोलतो, याचे ते चित्र आहे. गुस्तादने १९६२ च्या युद्धात खिडक्यांवर लावलेला काळा कागद नऊ वर्षे तसाच ठेवला आहे. बाहेरचा प्रकाश घरात येऊ न देणारे हे माणूस आणि त्याचा समाज, यांच्याकडे लेखक टीकेच्याच दृष्टीने पाहतो. शेवटी गुस्ताद स्वतःच्या हाताने तो कागद काढतो. ही कादंबरी पारशी समाजाच्या बंद खिडक्यांविषयी आहे. तिला मराठी समाजाविरुद्धचे आरोपपत्र मानणे म्हणजे तिच्यातील एका खोलीतील संभाषण ऐकून घर सोडून जाणे होय.

कंपाउंडच्या भिंतीचा प्रसंगही येथे विचारात घेतला पाहिजे. लोक त्या भिंतीवर लघुशंका करतात म्हणून गुस्ताद एका पदपथावरील चित्रकाराकडून तिच्यावर सर्व धर्मांच्या देवदेवता आणि संत रंगवून घेतो. भिंत पवित्र होते, लोक फुले वाहू लागतात. पुढे रस्तारुंदीसाठी महापालिका ती पाडते, त्या गोंधळात दगडफेक होते आणि तेहमुल हा निरागस, मंदबुद्धी तरुण वीट लागून मरण पावतो. अनेक श्रद्धांना एका भिंतीवर नांदवणारी ही कादंबरी एका समूहाच्या द्वेषावर उभी आहे, असे म्हणणे पूर्ण वाचनानंतर कठीण जाते.

पात्राचे वाक्य म्हणजे लेखकाचे मत, हा निकष मान्य केला तर त्याचे परिणाम मराठी साहित्यालाही भोगावे लागतील. खानदेशातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुणे, प्राध्यापक, वडील, नातेवाईक, साहित्य यांपैकी कोणालाही सोडत नाही. सुट्या वाक्यांवरून निवाडा करायचा ठरवल्यास ‘कोसला’विरुद्ध तक्रार करू शकतील असे अनेक समूह निघतील. ती आपण शिकवतो, कारण पांडुरंगाचे वैतागणे हे एका खेड्यातून शहरात गेलेल्या तरुणाच्या तुटलेपणाचे रूप आहे, हे आपल्याला कळते. पांडुरंगाला दिलेली सवलत दिनशावजीला नाकारण्यास साहित्यिक कारण नाही. एक आपला आणि एक परका, एवढेच कारण उरते.

अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला दिनशावजी कदाचित इतरांपेक्षा लवकर कळेल. आपल्या बोलीला शहरात हसतात, आपली नावे आणि आपले उच्चार दुसऱ्याच्या मापाने मोजले जातात, हा अनुभव खानदेशी मुलामुलींना नवा नाही. नाव गेले की माणसाचे काय जाते, हे ज्याला ठाऊक आहे तो दिनशावजीवर रागावेल आणि त्याच वेळी त्याला समजूनही घेईल. दुसऱ्याच्या डोळ्यांना आपण कसे दिसतो, हे कळण्याची ही संधी असते. ती सुखद असेलच असे नाही.

येथे कादंबरीच्या समर्थकांच्या एका युक्तिवादाविषयीही लिहिले पाहिजे. कादंबरी बुकरच्या यादीत होती, तिला पुरस्कार मिळाले, म्हणून ती अभ्यासक्रमात हवी, असे अनेकांनी म्हटले. हा युक्तिवाद दुबळा आहे. त्यात एका अधिकाराविरुद्ध दुसरा अधिकार उभा केला जातो. वाचन दोन्हीकडे होत नाही. पुरस्कार न मिळालेले पुस्तकही अशा रीतीने काढणे चुकीचेच ठरले असते. समर्थन करायचे ते पुस्तकातील पाने उघडून करावे लागते.

४. बंदी आणि वगळणे

या प्रकरणाला सर्रास ‘बंदी’ म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ती बंदी नव्हती. कादंबरी दुकानांत मिळत होती, आजही मिळते. कायदेशीर अर्थाने पुस्तक जप्त करण्याचा अधिकार राज्य शासनाला पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार आहे. त्यासाठी शासनाला अधिसूचना काढावी लागते आणि तीत कारणे नमूद करावी लागतात. त्या अधिसूचनेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते.

ही तरतूद कागदावरच राहत नाही, हे जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या प्रकरणाने दाखवले आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात शासनाने पुस्तकावर बंदी घातली. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला नीळकंठ यांनी त्या अधिसूचनेला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुस्तकातील मजकूर योग्य की अयोग्य, यापेक्षा शासनाने दिलेली कारणे कायद्याच्या कसोटीवर टिकतात काय, हा तेथे प्रश्न होता. ती टिकली नाहीत.

या निकालानंतर दोन-अडीच महिन्यांतच ‘सच अ लाँग जर्नी’ अभ्यासक्रमातून गेली. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक विसंगती दिसते. शासनाला बंदीसाठी कारणे द्यावी लागतात, त्यांची छाननी होते आणि ती अपुरी असतील तर बंदी उठते. अभ्यासक्रमातून पुस्तक वगळताना वाचकाला उत्तर देण्याची अशी कोणतीही व्यवस्था नाही. अभ्यास मंडळ, विद्या परिषद ही मंडळे ज्या कामासाठी असतात ते काम एका तातडीच्या अधिकाराने पार पडते. काही वर्षे शिकवल्या जात असलेल्या कादंबरीत एकाएकी कोणती आणीबाणी उद्भवली, याचे पटणारे उत्तर त्या वेळी मिळाले नाही. त्यामुळे ‘आम्ही बंदी घातलेली नाही, केवळ अभ्यासक्रमातून काढले’ हा खुलासा जितका सौम्य वाटतो तितका तो सौम्य नाही. बंदीपेक्षा वगळणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते अधिक वेळा घडू शकते.

५. ग्रंथालय आणि अभ्यासक्रम : परदेशातील एक दाखला आणि आपली स्थिती

विद्यार्थ्यांनीच पुस्तकांसाठी उभे राहण्याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज या शाळा-जिल्ह्याच्या मंडळाने १९७६ साली शालेय ग्रंथालयांतून काही पुस्तके काढली. स्टीव्हन पिको आणि त्याच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी मंडळाविरुद्ध दावा लावला. २५ जून १९८२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मतपत्राला सर्व मुद्द्यांवर बहुमत नव्हते, त्यामुळे त्याच्या बंधनकारकतेविषयी तेथे आजही वाद आहे. तथापि त्यांचे सूत्र विचारार्ह आहे : केवळ विचार पटत नाहीत म्हणून मंडळाने ग्रंथालयातून पुस्तके काढू नयेत. अभ्यासक्रम ठरवताना मंडळाला अधिक मोकळीक असावी. ग्रंथालय ही मात्र विद्यार्थ्याने स्वेच्छेने वाचण्याची जागा आहे. अलीकडे, सप्टेंबर २०२१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील सेंट्रल यॉर्क येथे विद्यार्थ्यांनी शाळेबाहेर रोज सकाळी शांततेने निदर्शने केली आणि वर्णभेदविषयक पुस्तकांवरील मनाई मंडळाला मागे घ्यावी लागली.

पिको प्रकरणातील हा भेद, म्हणजे अभ्यासक्रम वेगळा आणि ग्रंथालय वेगळे, तत्त्वतः योग्य आहे. आपल्याकडील ग्रामीण महाविद्यालयात मात्र तो टिकत नाही. सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरील, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी ओळखले जाणारे गाव. येथील आणि आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली एस.टी.चा पास काढून धुळे, शिरपूर, शिंदखेड्याकडे शिकायला जातात. बसच्या वेळेवर त्यांचा दिवस बेतलेला असतो. तास संपला की थांबा गाठायचा, घरी शेतीचे किंवा दुकानाचे काम असते. ग्रंथालयात निवांत बसून कपाटे धुंडाळणे हे त्यांच्या दिनक्रमात बसत नाही. महाविद्यालयांची ग्रंथखरेदीही प्रामुख्याने नेमलेल्या पुस्तकांची आणि संदर्भग्रंथांची असते. निधी मर्यादित असेल तर आधी क्रमिक पुस्तके घेतली जातात. गावात पुस्तकांचे दुकान असलेच तर तेथे वह्या, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात. कादंबरी मिळत नाही.

अशा स्थितीत विद्यार्थ्यापर्यंत पुस्तक पोहोचण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो आणि तो म्हणजे अभ्यासक्रम. नेमलेले आहे म्हणून ग्रंथालय ते घेते, नेमलेले आहे म्हणून घरातून त्यासाठी पैसे मिळतात, नेमलेले आहे म्हणून मुलीला ते वाचत बसण्याची मुभा मिळते. मुंबईतील विद्यार्थ्याने वगळलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी फोर्टमधील दुकानातून आणले असेल. वाद झाल्यामुळे कदाचित अधिक कुतूहलाने आणले असेल. खानदेशातील खेड्यात तसे होत नाही. येथे अभ्यासक्रमातून पुस्तक गेले की ग्रंथालयाच्या मागणीयादीतून जाते, प्राध्यापकाच्या टिपणांतून जाते आणि मग विद्यार्थ्याला त्याचे नावही ऐकू येत नाही. मोबाईलवर आता बरेच काही वाचता येते हे खरे. पण ज्याचे नाव कानावर आले नाही ते शोधणार कसे? शहरातील विद्यार्थ्यासाठी जे केवळ वगळणे असते ते ग्रामीण विद्यार्थ्यासाठी परिणामतः बंदीच असते. ‘पुस्तक बाजारात उपलब्ध आहे’ हे उत्तर बाजारापासून दूर राहणाऱ्याला देता येत नाही.

याहून चिंतेची गोष्ट दिसत नाही आणि मोजताही येत नाही. एका विद्यापीठात पुस्तक जाळले गेले की इतर विद्यापीठांतील अभ्यास मंडळांवरील माणसे ते लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी यादी करताना ‘हे कशाला, उगाच वाद नको’ असे एखादा सदस्य म्हणतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. त्या पुस्तकावर ना बंदी येते, ना निदर्शने होतात, ना वर्तमानपत्रात बातमी छापून येते. विद्यार्थी त्याविरुद्ध उभे राहू शकत नाहीत, कारण काय नाकारले गेले हे त्यांना कधीच कळत नाही. २०१० मध्ये मुंबईतील विद्यार्थी निषेध करू शकले ते पुस्तक आधी त्यांच्या हातात होते म्हणूनच.

६. आक्षेपाचा हक्क

येथपर्यंतच्या विवेचनावरून विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातील पुस्तकावर आक्षेपच घेऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. आक्षेप घेण्याचा हक्क वाचकाच्या हक्काचाच भाग आहे. २०१० मधील तक्रारदार विद्यार्थ्यालाही तो होता. प्रश्न आक्षेपानंतर काय घडते याचा आहे.

२०११ साली दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांच्या रामायणपरंपरांवरील निबंधाबाबत असेच घडले. २००८ साली त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली होती. पुढे नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीत तिघांचा कौल निबंधाच्या बाजूने होता. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये विद्या परिषदेने तो अभ्यासक्रमातून काढला. त्याविरुद्ध विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मोर्चा काढला. तेथेही विद्यार्थी संघटना दोन्ही बाजूंना होत्या. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांचे मत’ असे एकसंध काही नसते, हे ध्यानात ठेवावे लागते.

२०१२ सालचे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण तेथे आक्षेपामागे दीर्घ अवमानाचा इतिहास होता. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील व्यंगचित्र होते. राज्यघटनेच्या निर्मितीची गती गोगलगायीच्या रूपाने दाखवताना त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोगलगायीवर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू असे चित्रण आहे. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. पाठ्यपुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. चाबकाचे ते चित्र दलित विद्यार्थ्याला कसे दिसेल, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. तो पाठ्यपुस्तक तयार करतानाच अधिक गांभीर्याने विचारला जायला हवा होता, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने बरेच बोलता येते. पण ती पुस्तके विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला लावणारी होती. व्यंगचित्रावरच वर्गात प्रश्न विचारला गेला असता, तर शोषणाच्या इतिहासावर अकरावीच्या वर्गात जी चर्चा झाली असती ती चित्र काढून टाकल्याने झाली नाही.

तेव्हा भेद पुरोगामी आक्षेप आणि प्रतिगामी आक्षेप असा करून चालणार नाही. वाचून, वर्गात, कारणे देऊन घेतलेला आक्षेप आणि न वाचता, बाहेरून, दबावाने घेतलेला आक्षेप, असा तो केला पाहिजे. पहिल्या प्रकारच्या आक्षेपाने पुस्तकाचे वाचन अधिक समृद्ध होते. दुसऱ्याने ते संपते.

७. खानदेशातील एक परंपरा

या प्रश्नाचा विचार करताना खानदेशाला बाहेरून आदर्श आणण्याची गरज नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. नेमलेल्या पुस्तकाबाहेरचे जग खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचा, साधनांची वाण असताना केलेला तो उद्योग होता. पुढे ‘पत्री’ या त्यांच्या काव्यसंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या. सरकार कवितेला घाबरले, कारण ती तरुणांच्या तोंडी बसली होती. जी पाठ झालेली असते ती कविता जप्त होत नाही, ही गोष्ट जप्ती करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात. तुरुंगातही वर्ग भरू शकतो, हे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे तेथे महाविद्यालयाच्या वर्गात पुस्तकाची भीती वाटावी, हे शोभणारे नाही.

साने गुरुजींची आठवण येथे गौरवापुरती केलेली नाही. त्यांच्या उदाहरणातून शिक्षकाचे एक कर्तव्य स्पष्ट होते. विद्यार्थ्याने पुस्तकासाठी उभे राहावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे शिक्षकाचे काम आहे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘सच अ लाँग जर्नी’वरील आक्षेप पात्राच्या बोलण्याला लेखकाचे मत मानण्यातून आला. पूर्ण कादंबरीच्या संदर्भात तो टिकत नाही. तोच निकष लावल्यास मराठीतील मान्यवर कलाकृतीही अभ्यासक्रमात राहू शकणार नाहीत.

२) कायदेशीर बंदीला कारणे द्यावी लागतात, अभ्यासक्रमातून वगळण्याला प्रत्यक्षात ती द्यावी लागत नाहीत. विद्यार्थी वाचकाच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक घातक आहे.

३) ग्रामीण महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि ग्रंथालय यांतील अंतर जवळजवळ नसते. त्यामुळे वगळण्याचा सर्वाधिक फटका ज्याचा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो त्या विद्यार्थ्याला बसतो.

४) विद्यार्थी हा समूह एकमताचा नाही. त्याच्या आक्षेपालाही आणि विरोधालाही वर्गात जागा हवी.

या निष्कर्षांच्या आधारे काही साध्या गोष्टी सुचवता येतात. नेमलेल्या पुस्तकावरील आक्षेप लेखी आणि पृष्ठांच्या संदर्भासह घेतला जावा. तो अभ्यास मंडळापुढे जावा आणि मंडळाने सकारण निर्णय द्यावा. निर्णय होईपर्यंत आणि चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत पुस्तक शिकवले जावे. ते शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. पुस्तक अखेर अभ्यासक्रमातून गेलेच, तरी ग्रंथालयातील त्याच्या प्रती जागेवर राहाव्यात आणि ग्रंथसूचीत त्याचे नाव असावे. यांपैकी शेवटची गोष्ट करण्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ती प्रत्येक महाविद्यालयाला आजही करता येईल.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि तो बदललाच पाहिजे. जुनी पुस्तके जातात, नवी येतात. त्यात अन्याय नाही. अन्याय असतो तो न वाचता काढण्यात, आणि ज्यांच्यासाठी ते लावले होते त्यांना न विचारता काढण्यात. २०१० मध्ये मुंबईतील विद्यार्थ्यांनी निषेध केला तेव्हा त्यांना ते पुस्तक परत मिळाले नाही. परंतु पुस्तक कोणाचे, हा प्रश्न त्यांनी उभा केला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायची जबाबदारी आता अभ्यास मंडळांची आणि प्राध्यापकांची आहे.